कंडक्टरच्या पायऱ्या

व्यायाम म्हटला की डोळ्यांपुढे तालीम, जोर, बैठका येतात, आणि चाळिशी उलटलेला गृहस्थ म्हणतो, "ते आता आमचे काम नव्हे!" अशांना आम्ही लंडनच्या जुन्या दुमजली बसची हकीकत सांगतो. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देत शेकडो पायऱ्या चढे-उतरे. डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखविले की, कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर तो सौम्य असतो.

मुळात जाडी माणसेच ड्रायव्हर होत असतील, ही शंका रास्त आहे. मॉरिस यांनी चक्क गणवेशाच्या विजारींची मापे पाहिली, आणि ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या! परंतु टपालखात्यातही पायी वा सायकलवर टपाल वाटणारे बैठ्या कारकुनांहून सुदैवी ठरले. पुढील संशोधनानेही हाच कौल दिला. राबणारे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. नित्याच्या श्रमाने रक्तदाबही उतरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले. मध्यम म्हणजे बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत भरभर चालणे. मात्र चालताना ज्याच्या छातीत दडपते, त्याने आधी डॉक्टर गाठावा.