डोंगरावर झोपलेला ड्रॅगन आणि त्याच्या पोटात भाजली जाणारी भांडी

भट्टी म्हटलं की डोळ्यासमोर उभं धुराडं येतं. दक्षिण चीनमधल्या कुंभारांनी मात्र ते डोंगरउतारावर आडवं टाकलं आणि त्यातच भांडी रचली.

चिनी भाषेत याला 'लाँगयाओ' म्हणतात, म्हणजे ड्रॅगन भट्टी. तोंड खाली, शेपूट वर आणि मध्ये विटांचा लांबलचक कमानदार बोगदा. फुज्यान प्रांतात सापडलेली सोंग राजवटीच्या काळातली एक भट्टी तर तब्बल १३५ मीटर लांब आहे. क्रिकेटच्या सहा खेळपट्ट्या एकापुढं एक ठेवल्या तरी ती उरतेच.

आता एवढ्या लांब बोगद्यात उष्णता शेवटपर्यंत पोचवायची कशी? खरी गंमत इथंच आहे.

गरम हवा वर चढते, हे आपण शाळेत शिकलोय. उतार साधारण १० ते २० अंशांचा ठेवला की ती आपोआप वर ओढली जाते, भाता मारावा लागत नाही. खाली तोंडाशी आग पेटली की वरची भांडीही तापायला लागतात. खालचा भाग भाजून झाला की बाजूच्या भोकांतून लाकडं टाकत एकेक टप्पा वर सरकायचं. तोवर खालून येणारी ताजी हवा भाजलेल्या भांड्यांमधून येते, त्यामुळं आगीपर्यंत पोचते ती तापूनच. म्हणजे सरपण एकदा जाळायचं, पण त्याची उष्णता पुन्हा पुन्हा वापरायची!

तापमान १२०० अंश सेल्सिअसच्या पुढं जायचं, तेही थर्मामीटर नसताना. मग कळायचं कसं? एक तर ज्वाळेच्या रंगावरून. शिवाय भोक पाडलेले, झिलई लावलेले छोटे तुकडे आत ठेवलेले असायचे. लोखंडी आकड्यानं एखादा बाहेर ओढायचा, झिलई वितळली का बघायचं आणि ठरवायचं.

हा अंदाज चुकणं परवडणारं नव्हतं. मोठ्या भट्टीत एका खेपेला हजारो भांडी असायची, बऱ्याचदा अनेक कुंभारांची मिळून. आग कमी पडली तर झिलई कच्ची, जास्त झाली तर भांडी वाकडी होऊन एकमेकांना चिकटणार. जुन्या भट्ट्यांशेजारी अशा फेकलेल्या मालाचे ढीग आजही सापडतात. संशोधकांसाठी तो खजिना आहे, पण तेव्हा ती कुणाच्या तरी घरची बुडालेली कमाई होती.

झेजियांग प्रांतातल्या लाँगछ्वानची प्रसिद्ध हिरवी भांडी अशाच भट्ट्यांतली. आत हवा मुद्दाम कमी ठेवली की झिलईतल्या लोहामुळं तो रंग येतो. ही भांडी जहाजांतून पार आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेली.

आणि फोशान शहरातली नानफेंग भट्टी? मिंग राजवटीत, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली ही भट्टी आजही लाकडं टाकून पेटवली जाते.