सायलेन्सर बांधायचा नसतो, टांगायचा असतो

स्पीडब्रेकरवरून गाडी उतरली की तळाशी ‘खट्’ वाजते आणि सिग्नलला उभी राहिली की मागच्या सीटखाली घरघर सुरू होते. गॅरेजात सायलेन्सरला टाका मारून मिळतो. थोड्या दिवसांनी तोच टाका पुन्हा उलतो आणि दोष वेल्डिंगवाल्याच्या माथी जातो. बिचाऱ्याचा टाका बहुतेक वेळा चांगलाच असतो. पाइप मुळात ओढूनताणून बसवलेला असतो, आणि तो ताण जिथे पत्रा कमजोर तिथे निघतो.

मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडला पक्का असतो. त्याच्या मागचा पाइप, सायलेन्सर आणि शेपटाची नळी मात्र रबरांवर लोंबकळत असते, तीही मुद्दाम. छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते आणि अॅक्सिलरेटर दाबला की ते मागेपुढे डुलते. हा झोका मागे पोचू नये म्हणून पुढच्या पाइपात जाळीचा लवचीक तुकडा असतो. काही गाड्यांत त्याच्या जागी स्प्रिंगच्या बोल्टांचा सांधा असतो. शिवाय लोखंड तापले की वाढते. ३ मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर सुमारे १ सेंटिमीटर लांबतो. रबरे सगळी ताणलेली असतील तर हा सेंटिमीटर जाणार कुठे?

म्हणून पाइपाला हात लावण्याआधी इंजिनाचे माउंटिंग बघावे. ते बसले असेल तर इंजिन खाली कलते आणि मागची सगळी नळी वाकडी दिसते. मग नळी कितीही सरळ करा, व्यर्थ.

काम थंड गाडीवरच, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही नाही. गंजलेल्या बोल्टांवर तेल मारून वाट बघावी, घाईत स्टड तुटला तर काम दुप्पट होते. पॅकिंग नवे घ्यावे. रबर साबणाच्या पाण्याने सहज चढते. आता महत्त्वाचे: सगळे भाग आधी सैल जोडून टांगायचे, एकही नट आवळायचा नाही. मग नळी हाताने फिरवत, सरकवत तिला तिच्या जागी बसू द्यायचे. दोन फ्लँजची तोंडे बोल्टाविना समोरासमोर आली पाहिजेत. बोल्टाने ओढून ती जुळवणे हीच या कामातली खरी चूक, आणि ती सर्रास होते. टाकी, ब्रेकची नळी आणि स्टेपनीचा खळगा यांपासून दोन बोटे तरी अंतर राहू द्यावे. थंड असताना रबर किंचित पुढे झुकलेले चालते, कारण तापल्यावर पाइप मागे सरकतो. एवढे जमले की इंजिनाकडून मागे येत एकेक सांधा आवळायचा. शेवटी शेपूट धरून हलवावे. ते डोलले पाहिजे, पण कुठे आपटता कामा नये.

सांधा गळका राहिला तर प्रश्न फक्त आवाजाचा नसतो. भारतात चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. नंतरच्या गाड्यांत त्याच्या अलीकडे ऑक्सिजन सेन्सरही बसला. सेन्सरच्या आधीच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटते इंधन कमी पडतेय, मग संगणक ते वाढवतो आणि अॅव्हरेज पडते. गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची वायर आधी काढावी, म्हणजे हा संगणक वाचतो.

सायलेन्सर आतून का कुजतो, याचे उत्तर पेट्रोलमध्येच आहे: लिटरभर पेट्रोल जळले की सुमारे लिटरभर पाणी तयार होते. गाडी रोज भाजी आणायलाच निघत असेल तर नळी पुरती तापत नाही आणि हे पाणी आतच साचते. अशा सायलेन्सरवर टाके मारत बसण्यापेक्षा तो बदलावा.

काम झाल्यावर गाडी उघड्यावर सुरू करून, नळी तापण्याआधीच, शेपटाच्या तोंडावर जाड फडके क्षणभर दाबावे आणि दुसऱ्याने सांध्यांपाशी कान द्यावा. फुसफुस ऐकू आली तर तिथेच गळती. बंद गॅरेजात हा प्रयोग नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मग एक फेरी मारून गाडी गार होऊ द्यावी आणि नट पुन्हा एकदा तपासावेत. पहिल्या तापण्यानंतर पॅकिंग थोडे दबते.