परिचारिकेचा गुरू कोण?

साखरेपासून आरंभ करून अग्निबाणांच्या आवरणांपर्यंत मजल मारणाऱ्या वालचंदनगरचा इतिहास सांगताना यंत्रे, भांडवल आणि शेठ वालचंद हिराचंद यांची दूरदृष्टी यांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. पण इंदापूर तालुक्यातील या नगरीत कुशल कामगार कसा घडला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. फिटर वा वेल्डर केवळ पुस्तक वाचून तयार होत नाही. जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली त्याचा हात बसावा लागतो. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने हे तत्त्व मान्य केले. उमेदवाराला विद्यावेतन द्यावे आणि त्याच्या शिक्षणाची जबाबदारी पात्र व्यक्तीकडे सोपवावी, असे बंधन त्याने कारखानदारावर घातले.

लोखंडाच्या बाबतीत जे शहाणपण आपण दाखविले, ते माणसांच्या जिवाबाबत दाखविले आहे काय? नवी अधिपरिचारिका पदविका घेऊन कक्षात येते, तेव्हा तिला शिकविण्याचे काम ज्येष्ठ परिसेविकेच्या अंगावर पडते. त्यासाठी तिचा एकही रुग्ण कमी होत नाही, की पगारात भर पडत नाही. हे शिक्षण तिच्या सौजन्यावर चालते. आणि कामाचा बोजा वाढला की सौजन्याचा पहिला बळी जातो.

याचे कारण कोणाच्या दुष्टाव्यात नसून अर्थशास्त्रात आहे. गॅरी बेकर यांनी 1964 मध्ये मानवी भांडवलाची मीमांसा करताना दाखवून दिले की, जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते, त्याच्या शिक्षणावर मालक सहसा स्वतः खर्च करीत नाही. कारण शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. परिचर्येचे कौशल्य नेमके याच जातीचे आहे. बारामतीत तयार झालेली परिचारिका पुण्याला, मुंबईला वा आखाती देशांत जाऊ शकते. म्हणून हा खर्च समाजाने, म्हणजेच शासनाने, उचलणे क्रमप्राप्त ठरते.

ग्रामीण भागात तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. ऊसतोडणीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली एखादी मजूर स्त्री मध्यरात्री आरोग्य केंद्रात बाळंत होते आणि रक्तस्राव थांबत नाही. त्या घटकेला परिचारिकेच्या हाताला सवय आहे की नाही, यावर सर्व काही अवलंबून असते. कर्तारसिंग समितीने 1973 मध्ये तीन-चार आरोग्य सेविकांमागे एक पर्यवेक्षिका असावी, असे सुचविले होते. पुढे सहा उपकेंद्रांमागे एक आरोग्य सहायिका, असे प्रमाण रूढ झाले. तिने हाताला धरून शिकवावे, ही मूळ अपेक्षा. पण नोंदवह्या तपासणे आणि उद्दिष्टांचे आकडे गोळा करणे यातच तिचा दिवस सरतो. तपासणारा आणि शिकविणारा एकच असला, तर शिकणारा आपले अज्ञान लपवितो, हे मानवी स्वभावाला धरूनच आहे.

शेजारच्या कर्नाटकाने वेगळी वाट चोखाळून पाहिली. बेळ्ळारी आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील 54 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 2012-13 च्या सुमारास खास मार्गदर्शक परिचारिका नेमल्या गेल्या. त्या ठरावीक काळाने केंद्रांत मुक्काम करीत आणि प्रत्यक्ष कामात सोबत राहून शिकवीत. मार्गदर्शिका नसलेल्या केंद्रांशी तुलना करता तेथील परिचारिकांचे ज्ञान आणि केंद्रांची सज्जता सरस आढळली.

दरम्यान परिचर्येच्या शिक्षणाचा विस्तार झाला आहे. अतिदक्षता परिचर्येसाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला गेला. 2018 मध्ये प्रसूतिसेवेसाठी स्वतंत्र प्रशिक्षित परिचारिकांचे धोरण आले. 2023 च्या कायद्याने 1947 चा जुना परिचर्या परिषद कायदा मागे सारून नवा राष्ट्रीय आयोग आणला. या उच्चशिक्षित परिचारिकांकडून जगभर जी कौशल्ये अपेक्षित आहेत, त्यांत सहकाऱ्यांना घडविणे हे एक आहे. परंतु पदवीत विषय घातला, म्हणून कक्षात वेळ मिळत नाही. मार्गदर्शनासाठी वेळापत्रकात राखीव तास, त्या कामाचा भत्ता, बढतीत त्याची दखल आणि तपासणीपासून त्याची फारकत, एवढ्या चार गोष्टी तरी झाल्या पाहिजेत.

त्यासाठी पैसा लागेल, हे खरे. पण हा खर्च आजही होतच आहे. फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही. रात्रपाळीत एकटी पडलेली नवखी परिचारिका आणि तिच्यासमोरची रुग्ण, या दोघी तो निमूटपणे भरीत आहेत.