पाण्याने उजळलेले क्रॅगसाइड

इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसलपासून सुमारे पन्नास किलोमीटर उत्तरेला रॉथबरी हे गाव आहे. गावालगत डेब्डन ओढ्याच्या खोल घळीवर, कड्याला टेकून क्रॅगसाइड ही हवेली उभी आहे. जलविद्युतेवर दिवे लागलेले जगातले पहिले घर म्हणून तिची ख्याती आहे. मात्र दालने पाहून परत फिरणाऱ्याला ती अर्धीच कळते. भोवतीची तळी, ओढे आणि रान हा नुसता देखावा नाही. या घराचे कामकाज त्यांच्यावर चालत असे. म्हणून क्रॅगसाइड पाण्याच्या वाटेने पाहावे.

हे सारे उभारणारा विल्यम आर्मस्ट्राँग (१८१०–१९००) पेशाने वकील होता, पण त्याचा ओढा पाण्याकडे. तरुणपणी मासे पकडायला गेला असताना त्याने एक पाणचक्की पाहिली आणि वाहत्या पाण्याची बहुतेक शक्ती वाया जाते हे त्याच्या ध्यानात आले. त्यातून त्याने जलदाबावर चालणारी यारी बनवली आणि १८४७ मध्ये न्यूकॅसलजवळ एल्सविकला कारखाना काढला. क्रिमियन युद्धानंतर तिथे तोफा आणि पुढे युद्धनौकाही तयार होऊ लागल्या. अफाट पैसा आला तो मुख्यतः त्यातून. इराणचा शाह आणि सयामचा राजा क्रॅगसाइडला पाहुणे म्हणून आले, त्यामागे हा व्यापार होता. घराचे सौंदर्य पाहताना ही बाजू नजरेआड करणे बरोबर नाही.

लहानपणी प्रकृती सुधारावी म्हणून आर्मस्ट्राँगला रॉथबरीला आणत असत. त्या ओढीने १८६३ मध्ये त्याने इथे जमीन घेतली आणि सुट्टीपुरते एक साधे घर बांधले. १८६९ पासून वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ याने पुढची सुमारे पंधरा वर्षे त्याला जोड देत देत आजची हवेली घडवली. उतरती छपरे, उंच धुराडी आणि लाकडी चौकटींच्या भिंती यांमुळे ती कड्यातूनच उगवल्यासारखी दिसते. दिवाणखान्यातली संगमरवरी शेकोटी सुमारे दहा टन वजनाची आहे. ती भव्य आहे हे खरे, पण जड वाटते. मन रमते ते ग्रंथालयात.

डिसेंबर १८८० मध्ये या ग्रंथालयात जोसेफ स्वान या आर्मस्ट्राँगच्या मित्राने बनवलेले तापदीप्त दिवे लागले. काही दिवे मीनाकारीच्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. फुलदाणीचा तळ पाऱ्यात टेकला की वीजमंडल पूर्ण होई आणि दिवा उजळे. उचलली की विझे. साऱ्या घरात मिळून ४५ दिवे होते. त्याआधी, १८७८ मध्येच, चित्रदालनात आर्क दिवा लागला होता. त्याची वीज एक किलोमीटरहून अधिक अंतरावरून, डेब्डन तळ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या डायनामोकडून तारेने येत असे.

पाण्याचे काम विजेच्याही आधी सुरू झाले होते. ओढा अडवून केलेल्या टंबल्टन तळ्याच्या जोरावर चालणारे पंप घराच्या वरच्या अंगाच्या टाक्यात पाणी चढवत. त्या दाबावर लिफ्ट चाले, स्वयंपाकघरात मांस भाजायचा गज फिरे. विजेची गरज वाढली तेव्हा, १८८६ मध्ये, बर्नफुटला नवे वीजघर उभे राहिले. वरच्या माळरानावरच्या नेलीज मॉस तळ्यांचे पाणी नळातून सुमारे शंभर मीटर खाली उतरे आणि तिथले चक्र फिरवी. दगडी कोळसा एके दिवशी संपणार, हे आर्मस्ट्राँगने १८६३ मध्येच ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत बजावले होते. स्वतःच्या घरापुरते तरी त्याने त्यावर उत्तर शोधून दाखवले.

ही सारी ठिकाणे आज पायवाटांनी जोडलेली आहेत. वाटांची एकूण लांबी साठ किलोमीटरहून अधिक भरते. शिवाय आर्मस्ट्राँगच्या बग्ग्यांसाठी आखलेल्या सुमारे दहा किलोमीटरच्या रस्त्यावरून आता मोटारी जातात. हवेलीखालच्या उतारावर मोठमोठे खडक रचून केलेली बाग आहे. तिच्या दगडी पायऱ्या ओढ्यापर्यंत उतरतात आणि पावसात निसरड्या होतात, तेव्हा पक्के बूट हवेत. ओढ्यावरचा १८७० च्या दशकातला लोखंडी पूल बराच काळ बंद होता; दुरुस्तीनंतर २००८ मध्ये तो खुला झाला. पुलावर थांबून मागे पाहिले की घर आणि कडा एकत्र दिसतात. सगळ्या परिसरात याहून चांगली जागा नाही.

हे रानही माणसाने लावलेले आहे. मूळच्या उघड्या, खडकाळ टेकड्यांवर आर्मस्ट्राँगने लक्षावधी झाडे लावली. घळीत उत्तर अमेरिकेतून आणलेले डग्लस फर आणि हेमलॉक आता ब्रिटनमधल्या सर्वांत उंच वृक्षांत गणले जातात. हिमालयातल्या बुरांशाचे सगोत्र ऱ्होडोडेंड्रॉन मेअखेर आणि जूनमध्ये उतारच्या उतार रंगवून टाकतात. त्यातली पाँटिकम जात मात्र फार पसरते आणि इतर झाडोऱ्याला वाढू देत नाही, म्हणून ती सतत छाटावी लागते. ब्रिटनच्या बहुतेक भागांतून करड्या खारींनी हुसकावलेली तांबडी खार इथे अजून टिकून आहे. सकाळी लवकर, गर्दी होण्याआधी गेल्यास ती दिसण्याची शक्यता जास्त.

१९७७ मध्ये ही मालमत्ता नॅशनल ट्रस्टकडे आली आणि दोन वर्षांनी लोकांसाठी खुली झाली. २०१४ मध्ये टंबल्टन तळ्यापाशी सतरा मीटर लांबीचा आर्किमिडीजचा स्क्रू बसवला गेला. खाली येणाऱ्या पाण्याने तो फिरतो, आणि हवेलीतले काही दिवे पुन्हा ओढ्याच्या पाण्यावर लागतात. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात इथली असंख्य मोठी झाडे उन्मळून पडली. दालने, दोन तळी आणि घळीतली एक मोठी पायवाट एवढे पाहायचे तर पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. घर उघडे असण्याचे महिने आणि वेळा ऋतूनुसार बदलत असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी.