पहिल्या पानावरची दोन नावं

औंढा नागनाथच्या देवळात पहिल्यांदा येणारा माणूस नंदी शोधतो. महादेवाच्या देवळात तो समोर असतो, इथे तो पाठीमागे आहे. गाभाराही जमिनीच्या पोटात. अरुंद तोंडातून वाकून, हाताने दगड धरत खाली उतरावं लागतं. खाली दमट, कोंदट उष्मा असतो, बेलपानांचा आणि ओल्या दगडाचा वास असतो, आणि मान ताठ करायला जागा नसते. दर्शन घेऊन वर आलं की वाऱ्याची झुळूक लागते आणि बाहेरच्या भिंतीवरची हेमाडपंती शिल्पं पुन्हा नव्याने दिसतात.

नंदी मागे का, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. नामदेव महाराज देवापुढे कीर्तनाला उभे राहिले. सोवळ्यातल्या ब्राह्मणांनी त्यांना दटावलं, 'इथे नको, पाठीमागे जा.' नामदेव मुकाट्याने मागे गेले आणि तिथे कीर्तन सुरू केलं. मग देऊळच फिरलं. देवाने तोंड नामदेवांकडे केलं आणि नंदी होता तिथेच राहिला. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे, त्यामुळे ही कथा इथे घरातल्या माणसाची गोष्ट सांगावी तशी सांगितली जाते.

महिपतीबुवा ताहराबादकरांनी ती 'भक्तविजया'त ओवीबद्ध केली. ग्रंथ 1762 चा, सत्तावन्न अध्यायांचा. सुरुवातीलाच ते आपलं ऋण मान्य करतात. उत्तरेत नाभाजींनी ग्वाल्हेरी भाषेत संतचरित्रं लिहिली, माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिली, आणि त्या दोहोंचा मेळ घालून आपण हा ग्रंथ रचला. आपल्याआधी कुणी वाट पाडली हे पहिल्याच अध्यायात सांगायची ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे जे सांगायचंय ते तिच्याशी जोडलेलं आहे.

1933 साली पुण्यात 'भक्तविजया'चं इंग्रजी भाषांतर छापून निघालं, 'स्टोरीज ऑफ इंडियन सेंट्स'. दुसरा भाग 1934 चा. 'महाराष्ट्राचे संतकवी' या मालेतले हे नववं आणि दहावं पुस्तक. पहिल्या पानावर भाषांतरकार म्हणून दोन नावं आहेत : जस्टिन ई. अ‍ॅबट आणि नरहर आर. गोडबोले. पहिले अमेरिकन मराठी मिशनचे निवृत्त मिशनरी, दुसरे मराठी पंडित.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात, आणि ते उगाच नाही. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यांच्या धर्मांतराच्या प्रकरणाने केवढी खळबळ माजली होती. श्रीपतचा वाद कोर्टात गेला, त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. घरं दुभंगली, आयांनी आकांत केला. हे सगळं घडलेलं आहे आणि ते झाकून या विषयावर लिहिता येणार नाही.

पण मिशनच्या आतही एक देऊळ होतं आणि त्याची पुढची बाजू कुणाची, मागची कुणाची, हे ठरलेलं होतं. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला गेले. गावोगाव फिरणारे, शाळा चालवणारे, प्रवचनाला माणसं जमवणारे बहुतेक मराठी. मिशनच्या बोस्टनमधल्या मुख्य कचेरीला जाणाऱ्या अहवालांत मात्र त्यांचा उल्लेख 'नेटिव्ह असिस्टंट' असा. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती 1854 मध्ये, म्हणजे मिशन सुरू होऊन चाळीस वर्षं उलटल्यावर. त्याच सुमारास बोस्टनहून रुफस अँडरसन पाहणीला आले होते. स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण उचलावा, आपला प्रसार आपण करावा, असं त्यांचं सूत्र होतं. सूत्र चांगलंच, पण अंमल सावकाश झाला, कारण पैशाची किल्ली बोस्टनच्या खिशात होती.

मराठवाड्यात याला एक मोठा अपवाद घडला. तेच नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. वस्ती मुख्यतः मांग समाजातल्या कुटुंबांची. कामाचा म्होरक्या मराठी माणूस, आणि मदतीचा पैसा स्कॉटलंडचा. 1873 साली न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत हा पागोटेवाला ब्राह्मण व्यासपीठावर उभा राहून बोलला. निजामाच्या मुलखात, औंढ्यापासून एका दिवसाच्या एसटी प्रवासावर घडलेली ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही, याचं मला वाईट वाटतं.

ज्ञानाच्या कामातही मागची बाजू होतीच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 चा, दुसरी आवृत्ती 1857 ची. त्याच्याशिवाय आजही आपलं पान हलत नाही. मोल्सवर्थ मिशनरी नव्हता, लष्करी अधिकारी होता. पण त्याच्या कोशाच्या आधाराशिवाय पुढच्या मिशनऱ्यांचं मराठी उभं राहिलं नसतं. शब्द वेचले, पारखले, अर्थ सांगितले ते पंडितांच्या मंडळाने. मुखपृष्ठावर मात्र मोल्सवर्थ, आणि साहाय्यक म्हणून जॉर्ज व थॉमस कँडी हे भाऊ.

म्हणून अ‍ॅबटांच्या शेजारचं गोडबोल्यांचं नाव मला इतकं मोलाचं वाटतं.

अ‍ॅबट हे मिशनऱ्याच्याच घरातले. वडील अमॉस अ‍ॅबट याच मराठी मिशनचे. निवृत्तीनंतर जस्टिन न्यू जर्सीतल्या समिट गावी राहिले आणि 1926 च्या 'भानुदास'पासून त्यांनी ही माला सुरू केली. एकनाथ, भिक्षुगीता, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असं एकेक पुस्तक येत गेलं. त्यात ख्रिस्ती धर्माशी तुलना करून संतांना गुण देण्याचा खटाटोप नाही. नामदेव महिपतींच्या पद्धतीने बोलतो, विठोबा महिपतींच्या पद्धतीने वागतो, देऊळ फिरतं आणि त्यावर भाषांतरकार नाक मुरडत नाही.

भाषांतर गद्यात आहे, पण मजकुरात जागोजागी कंसात आकडे दिलेत. ते ओव्यांचे क्रमांक. मी मराठी पोथी आणि इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवून आकड्याला आकडा लावत औंढ्याचा प्रसंग वाचला. ओवी गाळली की आकडा बोंबलणार, पदरचं घातलं की तेही दिसणार. मूळ ग्रंथाच्या वाचकाला आपला हिशेब तपासू देण्याची ही सोय आहे. मला तर तिच्यात जमाखर्चाची वही समोरच्यापुढे उघडी ठेवणाऱ्या माणसाचा सरळपणा दिसतो.

आता या प्रसंगातला 'सोवळं' हा एकच शब्द घ्या. कोशात अर्थ मिळेल : शुद्ध, अस्पर्शित, रेशमी वस्त्र. पण कीर्तन ऐकायला दाटलेल्या गर्दीतून सोवळ्यातला माणूस देवाकडे निघाला की तो का चिडतो, हे कोश सांगत नाही. ते सांगायला सोवळं नेसून आंघोळीपासून नैवेद्यापर्यंत कुणाला न शिवता वावरलेला माणूस लागतो. तेच 'अनुताप'चं, 'लडिवाळ'चं. भाषांतरात पंडिताचं काम काय असतं याची कल्पना अशा शब्दांपाशी येते. त्याला 'साहाय्य' म्हणणं म्हणजे पुन्हा देवळामागे पाठवणंच.

अ‍ॅबट 1932 मध्ये वारले. म्हणजे 'भक्तविजया'चे दोन्ही भाग त्यांच्या माघारी आले. पुण्यातले ब्रिटिश मिशनरी जे. एफ. एडवर्ड्स यांनी छपाईची बाजू सांभाळली, आणि 1935 मध्ये 'भक्तलीलामृता'तल्या उरलेल्या चरित्रांचं पुस्तक निघालं त्यावर तीन नावं आली : अ‍ॅबट, गोडबोले, एडवर्ड्स. एक माणूस गेला तरी काम थांबलं नाही, आणि गोडबोले त्या पानावरून हटले नाहीत.

या मंडळींच्या आधी स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी 1919 मध्ये मराठी संतांचे अभंग इंग्रजीत आणले होते. त्याच वर्षी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक गेले. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. ख्रिस्ती उपासनेला मराठी अभंगाचा, भजनाचा घाट त्यांनी दिला. पण मला त्यांच्या आयुष्यातलं 1917 हे वर्ष जास्त बोलकं वाटतं. त्या वर्षी त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला, त्यात ख्रिस्ताला मानणारा कुणीही यावा, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. पगार देणारा आणि पगार घेणारा यांच्यात स्नेह असू शकतो, भागीदारी मात्र अवघड, हे त्यांनी दोन दशकं मिशनमध्ये राहून जोखलं होतं. कुणावर चिखल न उडवता ते बाजूला झाले. त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं ते जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने, आणि विन्स्लोने 1922 मध्ये काढलेल्या ख्रिस्त सेवा संघात इंग्रज आणि हिंदी माणसं आश्रमात एकत्र राहू लागली. पुढे मानववंशशास्त्रज्ञ झालेले व्हेरियर एल्विन हिंदुस्थानात आले ते याच संघात.

आज औंढ्याच्या शिवारात दुसरी एक अमेरिकन-भारतीय भागीदारी उभी राहते आहे. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिथे चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील आणि अमेरिकेतल्या हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन इथल्या यंत्रांशी त्यांचा मेळ बसवला जाईल. तिथून निघणाऱ्या शोधनिबंधांवर हिंगोलीच्या पोरापोरींची नावं यावीत असं मला मनापासून वाटतं.

एकदा औंढ्याच्या देवळामागे, नंदीच्या बाजूला सावलीत मी दोन्ही पुस्तकं घेऊन बसलो होतो. नर्सीकडचे एक टाळकरी आजोबा शेजारी येऊन टेकले. पोथी त्यांनी लगेच ओळखली, कपाळाला लावली. दुसरं पुस्तक कशाचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, हीच पोथी, इंग्रजीत. देऊळ फिरल्याचा प्रसंग मी इंग्रजीतून वाचला आणि ते मान डोलवत राहिले. एकही शब्द कळत नव्हता, पण नामदेव, नागनाथ ही नावं आली की 'हां' म्हणत होते.

"कुण्या सायबानं लिव्हलं?"

"अ‍ॅबट म्हणून होते, बाबा. अमेरिकेचे. पाद्री."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उघडलं आणि त्या ओळींवरून अंगठा फिरवला.

"हितं दोन नावं दिसायलीत. मंग हे दुसरं कुणाचं?"