पंजशीरची फिरती फौज

काबूलहून उत्तरेला जाणारा रस्ता सालंगच्या बोगद्यातून हिंदुकुश ओलांडतो. 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि त्यांचं इंधन, दारूगोळा याच रस्त्याने येऊ लागलं. पंजशीर खोऱ्याचं तोंड या रस्त्यापासून जवळच. रसदीवर घाला घालायला याहून सोयीची जागा कुठली? सालंगवर जळणाऱ्या ट्रकांनी अहमद शाह मसूदचं नाव जगभर केलं. पण ट्रक जाळणारे त्या देशात पुष्कळ होते. मसूद वेगळा ठरतो तो त्याने बसवलेल्या घडीमुळे.

अफगाण मुजाहिद आपल्या गावासाठी जिवावर उदार होई, शेजारच्या खोऱ्यासाठी सहसा नाही. त्याचा म्होरक्या गावचाच खान किंवा मुल्ला, आणि सुगी आली की बंदूक खुंटीला. काबूलच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला मसूद 1975 च्या फसलेल्या उठावात चांगलाच पोळला होता. त्याने ही खोड मोडण्याचा हट्ट धरला नाही. गावच्या माणसाला गावातच ठेवलं आणि त्याच्यावर दुसरी फौज उभारली.

खोऱ्याचे भाग पाडून प्रत्येकाला एक ठाणं दिलं. त्याला करारगाह म्हणत. तिथली स्थानिक शिबंदी शेती सांभाळून राखण करी. त्यांच्यापेक्षा कसलेल्या हल्लेखोर तुकड्या आसपासच्या मुलखात लढत. सर्वांत वर ‘मुतहर्रिक’, म्हणजे फिरते गट. त्यांना नेमून दिलेलं काम एकच, लढणं. आणि हुकूम येईल त्या खोऱ्यात जाणं.

याला पैसा लागतो. पंजशीरच्या पाचूंवर आणि बदख्शानच्या लाजवर्दावर कर बसला. काबूलमध्ये नोकरी करणारे पंजशिरीही वर्गणी देत. लष्कर, अर्थ, आरोग्य, शिक्षण अशा समित्या नेमल्या गेल्या. मला हा भाग चकमकींपेक्षा मोलाचा वाटतो, कारण मसूदचा पक्ष जमियत-ए-इस्लामीचं मुख्यालय दूर पेशावरला, आणि पाकिस्तानी गुप्तहेर खात्याचा वरदहस्त त्याचा प्रतिस्पर्धी गुलबुद्दीन हिकमतयार याच्यावर. येणारी शस्त्रं खेचरांवरून डोंगर ओलांडून येत, आणि हिवाळ्यात घाट बर्फाने बंद.

काबूल सरकारच्या कचेऱ्यांतही त्याची माणसं होती. 1983 मध्ये त्याने सोव्हिएतांशी तह केला. विरोधकांनी गद्दारीची हाकाटी केली; त्याने ते वर्ष उत्तरेत हातपाय पसरायला वापरलं. 1984 च्या एप्रिलात मोठी चढाई झाली, पण खबर आधीच फुटली होती. मसूदने गावंच्या गावं हलवली, वाटांवर सुरुंग पेरले. बॉम्बफेक झाली ती बहुतेक ओस खोऱ्यावर.

त्याच सुमारास ‘शूरा-ए-नझार’ आकाराला आली. तखार, बघलान, कुंदुझ, बदख्शान अशा प्रांतांतले सरदार तिच्या छत्राखाली आले. आता लक्ष्य सरकारी ठाणी: 1985 मध्ये पेशघोर, 1986 मध्ये फरखार आणि नहरीन. हल्ल्याआधी ठाण्याची प्रतिकृती मांडून प्रत्येक गटाला त्याची वाट दाखवली जाई. एक गट सुरुंग काढणार, दुसरा मशीनगन आणि उखळी तोफांनी ठाण्याला डोकं वर काढू देणार नाही, तिसरा तटावर चढणार, चौथा बाहेरून येणारी कुमक अडवणार. बेशिस्त टोळ्यांच्या त्या युद्धात ही कामाची वाटणी दुर्मीळ होती.

घडी मात्र सर्वांना सारखी मानवली नाही. मोक्याच्या जागी पंजशिरी, ही इतरांची कुरकुर कायम राहिली. आणि शत्रू केवळ काबुलात नव्हता. 1989 च्या जुलैत, सोव्हिएत फौजा परतून जेमतेम पाच महिने झालेले असताना, हिकमतयारच्या एका सरदाराने फरखारच्या खिंडीत दबा धरून मसूदच्या तीसेक माणसांना मारलं. त्यांत अनुभवी सरदार होते. मसूदने गुन्हेगार पकडले, खटला चालवला, चौघांना तालुकानमध्ये फाशी दिलं.

1992 मध्ये हीच फौज काबुलात शिरली. खोरं राखणाऱ्या आणि ठाणी घेणाऱ्या या यंत्रणेला अनेक जमातींचं शहर सांभाळता आलं नाही. पुढच्या गटबाजीत आणि रॉकेटांच्या माऱ्यात काबूल उद्ध्वस्त झालं. तिथल्या अत्याचारांचे डाग मसूदच्या बाजूलाही लागले. 9 सप्टेंबर 2001 रोजी मारेकऱ्यांनी त्याला संपवलं. त्याच डिसेंबरात हंगामी सरकार आलं तेव्हा संरक्षण, गृह आणि परराष्ट्र ही तिन्ही खाती शूरा-ए-नझारच्या माणसांकडे गेली, आणि पंजशिरींच्या वर्चस्वाची ती जुनी कुरकुर आता मंत्रालयांच्या दारात ऐकू येऊ लागली.