बाटलीतला ऊस : वाण तोच की नवा?



गट ऑफिसात हल्ली एकच प्रश्न येतो : "साहेब, बाटलीत वाढवलेली रोपं लावली तर वाण बदलत नाही ना?" शंका रास्त आहे. बेणे चुकले तर लावण आणि त्यामागचे खोडवे, दोन-तीन वर्षे हातची जातात.

शेंड्यातला अगदी कोवळा कोंब काढून बाटलीत वाढवला, तर वाण तोच राहतो. को ८६०३२ चा को ८६०३२ च. शिवाय मोझॅकसारखा रोग बऱ्याच अंशी मागे सुटतो, म्हणून बेणेमळ्याला ही रोपे उत्तम.

दुसरी रीत निराळी. कोवळ्या पानाच्या तुकड्यातील पेशींचा आधी नुसता गोळा वाढवतात आणि मग त्यातून रोपे फुटवतात. एकाच आईची लेकरे, पण काही वेगळ्याच गुणाची निघतात! शास्त्रज्ञांना तेच हवे असते. को.सी. ६७१ लवकर पिकणारा, साखरेला चांगला, पण लाल कूज रोगाला बळी पडणारा. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राने त्याच्याच पेशींपासून को ९४०१२ निवडला. तोच आपला 'फुले सावित्री'. तुऱ्यांचा संकर न करता नवा वाण!

मात्र ही निवड केंद्रावर वर्षानुवर्षे चालते, आपल्या वावरात नव्हे. म्हणून रोपे घेताना ती शेंड्याच्या कोंबाचीच आहेत ना, हे आधी विचारा. आणि गवताळ वाढीचे बेट दिसले तर मुळासकट उपटा. बाटलीतला ऊसही शेतात आल्यावर रोग धरतो.